दीड मिलिमीटर

विमानाच्या शेपटात मी आडवी पडले आहे,
उशाला रिव्हेटांचा डबा, कपाळावर दिवा.
एकसष्ट वर्षांची, पण घरात सगळ्यांत बारीक,
म्हणून ही नेमणूक.
बाहेरून एल्ट्यो पत्र्यावर टिचकी मारतो:
"इथे?"
मी आतून टिचकी मारते. बोटभर मागे.

चाळीस वर्षं हे उलटं होतं.
तो ऑर्गनच्या पोटात, शिशाच्या नळ्यांच्या दाटीत,
मी बाहेर, थंडगार चर्चमध्ये, हातमोजे घालून
एकच पट्टी दाबून बसलेली.
"पुढची," तो आतून ओरडायचा,
मी पुढची दाबायची.
ग्रोनिंगनमधली सगळी चर्चं मला अशी
एकेका सुराने माहीत आहेत.
अख्खं गाणं कुठलंच नाही.

आता त्याला वारा नको आहे.
वाऱ्यासाठी पंखाखाली वेगळी नळी आहे,
आ वासून पुढे बघणारी, येईल ते गिळणारी.
हे भोक कडेचं.
ह्याच्या अंगावरून हवा ताशी दोनशेने जाईल
आणि ह्याने तिच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही.
एवढंच सांगायचं,
की ह्या क्षणी, ह्या उंचीवर, हवा किती जड आहे.
दीड मिलिमीटर. कडेला नखभर कंगोरा राहिला
तरी सुई थापा मारू लागते.

"मग पलीकडे आणखी एक कशाला?"
"विमान तिरकं चाललं की एक बाजू फुगवून सांगते,
दुसरी कमी करून.
दोघींना विचारायचं आणि मधलं धरायचं."
आई-बाबा एकमेकांशी बोलेनासे झाले
त्या हिवाळ्यात आम्ही हेच करत होतो.
त्याला आठवलं का, मी विचारलं नाही.

ड्रिल थांबतं. माझ्या नाकासमोर
उजेडाची एक सळई, तिच्यात ॲल्युमिनियमचा भुसा.
"आरपार?"
"आरपार."

डावं भोक बाहेरून चिकटपट्टीने बंद,
उजव्या फाट्याची नळी माझ्या हातात.
हातातली नळी सवयीने तोंडाशी गेली
आणि पुढून, कॉकपिटमधून, तो असा ओरडला
की कोठारातल्या पाकोळ्या उडाल्या.
"फुंकू नकोस! आतली डबी कागदासारखी आहे, फाटेल!"
जन्मभर फुंकण्यावर ज्याचं पोट चाललं, तो हे म्हणतो.
"ओढ. हळू."

मेंढ्यांना टोचायची सिरिंज. मी दट्ट्या ओढते.
"दोनशे फूट. पाचशे. हजार. थांब, चिमटीत धर."
गॅस उपसल्यावर जमीन हलली
तेव्हाची भेग भिंतीवर जिथल्या तिथे,
आणि आमचं कोठार हजार फुटांवर.
"नऊशे," तो म्हणतो. "आठशे. सातशे चाळीस."
मग बराच वेळ काही नाही.
"गळतंय कुठेतरी. ऐक."

मी?

"तू. मला वरचे सूर जाऊन चार वर्षं झाली."

तर म्हणून ती हत्यारं विकली. म्हणून
ऊसक्वेर्टचं काम अर्ध्यावर सोडून
"गुडघे दुखतात" म्हणाला होता.
मी दिवा विझवला, कशासाठी कोण जाणे.
कान नळीवरून सरकवत नेला, वीतभर, आणखी वीतभर,
तीन फाटे जुळतात तिथे
झोपलेल्या बाळाच्या नाकात असते तेवढीच शीळ.

"सापडलं."
"कुठला सूर?"
"गळतीचा," मी म्हटलं, आणि नट पाव फेरा आवळला.

ह्या वेळी सुई हजारावर बसली. मिनिट गेलं.
आणखी एक, उगाचच.
मग मी चिमटी सोडली, आणि तो मोजत खाली आला,
पाचशे, शंभर, वीस, शून्य,
"शून्याच्या केसभर खाली."
"बिघडलं?"
"नाही गं. आपण आहोतच तिथे."

बांधापलीकडे समुद्र, आमच्यापेक्षा हातभर वर.
मी पाय आधी बाहेर काढायला लागले.
"उजव्या बाजूचं भोक राहिलंय," तो म्हणाला,
आणि पत्र्यावर टिचकी मारली.